वच्छलाबाईचा नियम

बावीस वर्षांच्या नोकरीत वच्छलाबाईने एकाही पेशंटला घाबरवलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला कोण अभिमान! इंजेक्शन देताना "मुंगी चावली समज", ऑपरेशनला नेताना "अर्ध्या तासाचं तं काम आहे", आणि हातातून निसटत चाललेल्या म्हाताऱ्याला "बाबाजी, सोमवारी घरी जाता तुम्ही" असं ती इतक्या सहज म्हणायची, की डॉक्टरसुद्धा घटकाभर सोमवारची वाट बघायचे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका मोठ्या सिस्टरने तिला सांगितलं होतं, पेशंटले घाबरवायचं नाही, बाकी सगळं पुस्तकात आहे. वच्छलाबाईने ते मनावर घेतलं. ती वॉर्डात शिरली की माणसांचे चेहरे सैल पडायचे. लोक दारातच विचारायचे, "गजभिये सिस्टर आहे ना ड्युटीवर? मंग काही काळजी नाही."

त्या मंगळवारी अतुल ब्रदर टेबलावर कागद पसरून बसला होता. जिल्ह्याला प्रशिक्षण होतं. प्रत्येकाने ‘माझे परिचर्येचे तत्त्व’ असं एक पान लिहून आणायचं, आणि त्यात नीतिमूल्यं व रुग्णाशी संवाद हे दोन शब्द आलेच पाहिजेत, असा वरून हुकूम. अतुलने मोबाइलमधून अर्धं पान उतरवून काढलं होतं आणि पुढे गाडी अडली होती.

"बाई, तुमचं तत्त्व काय जी?"

"माहं? पेशंटले घाबरवायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच करून दाखव आधी, मंग विचार."

अतुल हसला आणि ‘रुग्णाचे मनोधैर्य टिकविणे’ असं वळणदार अक्षरात लिहून मोकळा झाला.

दुपारी बाराच्या सुमाराला खुशबू आली. खांद्यावर साडेतीन वर्षांची तृप्ती आणि मागे धापा टाकत खुशबूची आई पुष्पाबाई. खुशबू दिलेली वरठीला, पण धानकापणीच्या दिवसांत माहेरी बपेऱ्याला आली होती, आणि तिथेच पोरगी आजारी पडली. काय तिचे हात, काय तिचे पाय! बोटं फुगून टम्म झाली होती. कोणी नुसतं चादरीला हात लावला तरी लेकरू किंचाळायचं, आणि किंचाळून किंचाळून आवाज बसला होता, त्यामुळे नुसतं तोंड उघडं दिसायचं.

"म्या शेतातल्या बोडीच्या पाण्यात पाय बुडवू देले तिले," पुष्पाबाई कपाळ बडवत होती. "गार पाणी होतं, बाई. माहीच चूक."

"पाण्यानं काही होत नाही, मावशी," वच्छलाबाईने पोरीच्या हाताची शीर शोधता शोधता म्हटलं. एकाच टोचणीत सुई बसली. "दोन दिवसांत पोरगी या वॉर्डात पळते का नाही पाहा. घाबरू नको वं खुशबू."

खुशबूचा चेहरा सैल पडला. "तुम्ही वळखलं मले?"

"न वळखाले काय झालं? चार वर्षं होती मी तुमच्या उपकेंद्रात. तुह्या लग्नात जेवली आहे मी."

पुष्पाबाईने मात्र मान दुसरीकडे वळवली. ते वच्छलाबाईने पाहिलं. पण वॉर्डात सतरा पोरं होती. ती पुढच्या खाटेकडे गेली.

डॉक्टरांनी पोरीचे डोळे उघडून पाहिले, ते पिवळे होते. पोट दाबून पाहिलं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली होती. रक्त जिल्ह्याला पाठवलं आणि बुधवारी सकाळी निरोप आला. सिकल सेल. या मुलखात हे नाव सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं आणि कोणी तोंडातून काढत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमधे अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. आईचा वाटा आणि बापाचा वाटा, दोन्ही एकत्र आले तरच लेकराला हा आजार होतो. एकच वाटा असलेला माणूस वाहक. त्याला काही होत नाही, तो शेतात राबतो, कारखान्यात जातो, म्हातारा होतो. म्हणून तर लग्नाआधी दोघांचं रक्त बघायचं असतं.

"त्या भागात तर शिबिरं झाली होती," डॉक्टर म्हणाले. "या आईची तपासणी कशी झाली नाही?"

वच्छलाबाई रिपोर्ट हातात धरून उभी होती. तपासणी झाली होती. तिनेच केली होती.

सहा वर्षं झाली असतील. बपेऱ्याच्या समाजमंदिरात शिबिर होतं. खुशबू एकोणीस वर्षांची, बारावी पास झालेली, बोट पुढे करून हसत उभी राहिली होती. ती वाहक निघाली. नियम असा होता, की कार्ड त्या मुलीच्या स्वतःच्या हातात द्यायचं, तिला बाजूला बसवायचं, आणि ज्याच्याशी लग्न ठरेल त्याचं रक्त आधी तपासून घे, हे तिला समजेपर्यंत सांगायचं. वच्छलाबाई कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेली. खुशबू घरी नव्हती. अंगणात पुष्पाबाई होती. आणि आपल्याकडची रीत अशी, की लग्नाच्या पोरीचं काहीही असो, शाळेचे मार्क असोत की अंगावरचा डाग, ते आधी आईच्या कानात जातं. पोरीला विचारतो कोण!

पुष्पाबाईने कार्ड पाहिलं आणि हातच जोडले. "बाई, उद्या वरठीचे पावणे येऊन राहिले जी. असं कार्ड घरात कोणी पाहिलं तं पोरगी जन्मभर उजवणार नाही."

तिचा पांढराफटक चेहरा वच्छलाबाईला बघवला नाही. "घाबरू नका, मावशी," ती म्हणाली. "पोरगी ठणठणीत आहे. तुम्हीच सांगजा तिले सवडीनं." पुष्पाबाईने कार्ड वच्छलाबाईच्या देखत चुलीत घातलं आणि त्याच चुलीवर चहा ठेवला. वच्छलाबाई तो चहा पिऊन आली. रजिस्टरमधे लिहिलं, ‘समुपदेशन केले.’ आणि तीन महिन्यांनी त्याच घरच्या लग्नात स्टीलचा डबा घेऊन गेली, वरमाईच्या शेजारी बसून वरण-भात-बुंदी जेवली!

हे सगळं ती विसरली होती काय? नाही. विसरली असती तर बरं झालं असतं. तिने ते आपल्या चांगल्या कामांच्या यादीत टाकलं होतं. एका गरीब मायचा जीव मी भांड्यात पाडला, असं तिला सहा वर्षं वाटत आलं होतं.

दुपारी वरठीहून मोटरसायकलवर विनोद आणि त्याची आई मनकर्णाबाई आली. विनोद कारखान्यात भट्टीवर कामाला, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा. मनकर्णाबाई त्याच्या वाट्याचंही बोलायची.

"आमच्या घराण्यात कोणाले असं काही नाही," तिने खाटेशी उभं राहून सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. "हे रक्त तिकडचं आहे. खराब माल गळ्यात बांधला आमच्या."

डॉक्टरांनी दोघांकडून येतं म्हणून सांगितलं. मनकर्णाबाईने हात झटकला. माहा पोरगा दिवसभर आगीपुढं उभा रायते, त्याचं रक्त खराब राहीन काय? विनोदला रक्त द्यायला सांगितलं, तर तो म्हणाला, "मले काय झालं? मी नाही देत." आणि खुशबू पोरीचा सुजलेला हात हवेतच आपल्या हातांमधे धरून बसली होती, टेकवला तर दुखतो म्हणून. ती कोणालाच उत्तर देत नव्हती. तिला कधी कोणी प्रश्नच सांगितला नव्हता.

पुष्पाबाईने वच्छलाबाईला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं आणि सरळ तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा, मावशी. हे काय?"

"बोलू नका, बाई. तुमच्या पाया पडतो. पोरगी तिसऱ्या महिन्यात आहे. आता समजलं तं हाकलून देतीन तिले, पोटातल्या लेकरासकट."

तिसरा महिना! वच्छलाबाईने मनात हिशोब मांडला. दोघंही वाहक, म्हणजे दर खेपेला चारात एक. या पोटातल्या लेकराचीही तीच गत होऊ शकते. नागपूरला तपासता येतं, पोटातल्या पोटात, पण त्याला दिवस मोजके असतात, आणि एकदा का ते दिवस गेले की मग नुसतं वाट पाहणं. आणि जिच्या पोटात ते आहे तिलाच ठाऊक नाही, की काही तपासायचं आहे. डॉक्टर राउंडला ‘दोघांकडून’ म्हणून गेले, पण खुशबू गरोदर आहे हे त्यांना कुठे माहीत? ते दोन धागे जोडू शकणारं माणूस सगळ्या दवाखान्यात एकच होतं.

बोलावं तर पोरीचा संसार मोडेल, आपली नोकरी जाईल. न बोलावं तर आणखी एक लेकरू असंच तोंड उघडं टाकून किंचाळेल. वच्छलाबाई घरी गेली, भात टाकला, आणि तो करपेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी तृप्तीची तब्येत घसरली. पोट फुगलं, ओठ पांढरे पडले, रक्तातलं हिमोग्लोबिन पाचावरून साडेतीनवर आलं. डॉक्टरांनी रक्त चढवायला घेतलं आणि सांगितलं, उद्या दहाला ॲम्ब्युलन्स, नागपूरला न्यायचं.

"बाई, काही होणार नाही ना?" खुशबूने विचारलं.

"काही नाही होत, घाबरू नको," वच्छलाबाई म्हणाली. तोंडातून ते इतक्या सवयीने गेलं, की आपण बोललो हे तिला नंतर कळलं. खुशबूचा चेहरा पुन्हा तसाच सैल पडला, आणि तो पाहून वच्छलाबाईला स्वतःची किळस आली.

तिने त्या दिवसात तीनदा सांगायचा प्रयत्न केला, बरं का. तीनदा खाटेशी गेली. एकदा मनकर्णाबाई स्टुलावर बसलेली होती, एकदा विनोद. एकदा कोणीच नव्हतं, चांगली संधी होती, तर बाईसाहेबांनी काय विचारावं? "जेवली काय वं तू?" खुशबू म्हणाली, "हाव जी." आणि ही परत फिरली.

ड्रेसिंगच्या ट्रेजवळ अतुलने तिला आपलं पूर्ण झालेलं पान दाखवलं. तिने वरवर वाचलं.

"ते माहं वाक्य खोड."

"काहून? तेच तं चांगलं आहे."

"खोड म्हणते ना तुले!"

अतुल दचकला. बाई कधी आवाज चढवत नसत. "मंग त्या जागी काय लिहू जी?"

वच्छलाबाई कापसाचे बोळे मोजायला लागली. तिला एक गोष्ट आता लख्ख दिसत होती, आणि ती दिसल्यामुळे तिला उभं राहवत नव्हतं. घाबरलेल्या माणसाजवळ थांबायला हिंमत लागते. ती हिंमत आपल्यात कधीच नव्हती. म्हणून आपण कोणाला घाबरूच दिलं नाही. लोकांचे चेहरे सैल पडायचे ते आपल्या सुखासाठी. त्या म्हाताऱ्या बाबाजीला सोमवारचं सांगितलं, तेव्हा त्याला कदाचित कोणाला बोलावून घ्यायचं असेल, कोणाशी दोन शब्द बोलायचे असतील. आपण त्याला तेवढंही करू दिलं नाही. किती जणांना दिलासा दिला आणि किती जणांचं त्यांच्या हक्काचं काढून घेतलं, याचा हिशोब आता कोण लावणार?

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ती खाटेशी गेली. मनकर्णाबाई होती, विनोद होता, पुष्पाबाई होती.

"खुशबू, माह्या संग चाल. एकटी. अतुल, लेकराजवळ थांब."

पुष्पाबाई ताडकन उठली. "बाई—"

"मावशी, तुम्ही बसा."

ड्रेसिंगच्या खोलीत तिने दार लावलं, खुशबूला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर तिच्या समोर बसली. हात मांडीवर ठेवले. त्यांना काहीतरी काम द्यावं, पट्टी गुंडाळावी, असं फार वाटत होतं. तिने ते तसेच ठेवले.

"मी जे सांगून राहिली ते ऐकून तू घाबरशील," ती म्हणाली. "मी इथंच बसून आहे."

आणि तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वीचं कार्ड, अंगण, चूल, चहा, रजिस्टरमधलं खोटं. मधे कुठेही ‘पण’ घातला नाही. मग खुशबूने विचारलं,

"मायले माहीत होतं?"

"हाव."

"तुम्हाले माहीत होतं."

"हाव."

"आन् मले?" खुशबूचा आवाज फाटला. "बारावी सायन्स होती मी, बाई. मले समजलं असतं. म्या विनोदले रक्त तपासाले लावलं असतं, नाही तं नाही म्हटलं असतं. मले विचारलं काहून नाही कोनं?"

वच्छलाबाईजवळ उत्तर होतं. तुह्या मायची दया आली, रीत तशी आहे, खूप काम होतं. सगळी उत्तरं तयार होती आणि एकही द्यायच्या लायकीचं नव्हतं. "मी घाबरली," ती म्हणाली. "चूक माही आहे."

मग वच्छलाबाईने पोटातल्या लेकराचं सांगितलं. चारात एक म्हणजे काय, तपासणी कशी होते, तिला दिवस किती उरले. डॉक्टरांना सांगून चिठ्ठी देते म्हणाली. "तपासायचं का नाही, आन् पुढं काय करायचं, ते तू ठरवजो. तुही माय नाही, सासू नाही, मी बी नाही."

खुशबू उठली. वच्छलाबाईला वाटलं, आता ही मारते. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"चला," खुशबू म्हणाली. "जे मले सांगितलं ते तिकडं सांगा. सगळं. एक शब्द कमी नको."

वच्छलाबाईने खाटेशी उभं राहून सगळं सांगितलं. विनोदकडे बघून सांगितलं, की तुमचा वाटा असल्याशिवाय पोरीला हे होऊच शकत नाही, तुमचा दोष नाही, हिचाही नाही. लपवलं ते मी. मनकर्णाबाईने वॉर्ड डोक्यावर घेतला. दगाबाज, मेली, नोकरी खातो तुही, पेपरात देतो! पुष्पाबाई भिंतीशी बसून पदर तोंडात कोंबून रडत होती, आणि खुशबूने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. विनोद आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. मग बाहेर निघून गेला. वच्छलाबाईने डॉक्टरांना गाठलं, त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

दहाला ॲम्ब्युलन्स लागली. मनकर्णाबाई चढली नाही. विनोद कुठूनसा आला आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला, मागे वळून न बघता. आत तृप्तीच्या नाकाला नळी, हाताला रक्ताची पिशवी. वच्छलाबाई सोबत जायला चढली आणि पोरीची नाडी धरून बसली. नाडी फार वेगात आणि फार बारीक होती.

खुशबूने तिचं बोट नाडीवर टेकलेलं पाहिलं.

"बाई, नागपूरपर्यंत टिकते ना माही पोरगी?"

वच्छलाबाईच्या जिभेवर ते आलं. तयारच होतं, बावीस वर्षांचं गुळगुळीत झालेलं.

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "रक्त चालू आहे, ऑक्सिजन आहे. हालत नाजूक आहे तिची. मले माहीत नाही, खुशबू."

"आन् पोटातलं?"

"ते बी माहीत नाही."

खुशबूने तिचा दंड धरला. नखं रुतली. "खोटं बोला न, बाई! तवा बोलल्या, सहा वर्षं बोलल्या, आज एकदा बोलाले काय होते तुमचं? म्हणा न, काही होत नाही म्हणून! एकदा म्हणा!"

वच्छलाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने नकारार्थी मान हलवली.

खुशबूने दंड सोडला. "मंग उतरा तुम्ही," ती म्हणाली. "त्या भाऊले पाठवा. तुम्हाले पाहावत नाही मले."

वच्छलाबाईने अतुलला हाक मारली. रक्ताचे थेंब मिनिटाला किती ठेवायचे ते त्याला दाखवलं, दर पंधरा मिनिटांनी काय काय मोजायचं ते सांगितलं, आणि उतरली.